नफा काय झाला? संत फ्रान्सिस झेवियर यांच्या सणाचं मनन

आजचा शास्त्रपाठ : मत्तय 16:24-26

आजचं मनन नेहमीसारखं पुण्यात ऑफिसच्या बसमध्ये बसून लिहिलेलं नाही. चार दिवस झाले, मी सालेकसाला घरी आलोय. धानाची मळणी चालू आहे, आजूबाजूच्या गावांत मंडईचे दिवस आहेत, रात्री चांगलीच थंडी पडते आणि हावडा लाइनच्या गाड्यांचा आवाज रात्रभर येत राहतो. घरात मात्र कोणी फारसं बोलत नाही.

कारण सांगतो. माझा लहान भाऊ मोबाईलवर पैसे लावून रमी खेळायचा. बाबांचा फोन, बँकेचं ॲप, सगळं तोच बघायचा. मागच्या हंगामात धानाचे चुकारे बाबांच्या खात्यात जमा झाले आणि त्यातला मोठा भाग त्याने दोन महिन्यांत घालवला. कळलं तेव्हा उशीर झाला होता. मी पुण्याहून फोनवर त्याला जे बोललो, ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेव्हापासून आम्ही दोघं आईमार्फतच बोलतो. जेवायला बस म्हण त्याला, असं मी आईला सांगतो. तो समोरच असतो.

आज 3 डिसेंबर, संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण. म्हणून काल रात्री त्यांचं चरित्र पुन्हा उघडलं. लहानपणी नाताळच्या मिस्सेसाठी आम्ही पॅसेंजरने गोंदियाला जायचो, तेव्हापासून त्यांचं चित्र ओळखीचं आहे : काळा झगा, हातात क्रूस. जपानपर्यंत गेलेले मोठे मिशनरी, एवढंच डोक्यात होतं. जुगार खेळणाऱ्या माणसांशी ते कसे वागले, हे मी कधी नीट वाचलंच नव्हतं. काल वाचलं आणि झोप उडाली.

सुरुवात आजच्या वचनापासूनच करावी लागते, कारण हे वचन त्यांच्या आयुष्यात तीन वेळा येतं. येशू शिष्यांना हिशेब विचारतो : माणसाने सगळं जग कमावलं आणि जीवच गमावला, तर त्याला फायदा कसला?

पहिल्यांदा हे वचन आलं ते कॉलेजच्या खोलीत. फ्रान्सिस यांचा जन्म 7 एप्रिल 1506 रोजी नवारा राज्यातल्या झेवियर नावाच्या किल्ल्यात झाला. आज तो भाग स्पेनमध्ये येतो. घराणं वजनदार होतं, वडील राजाच्या दरबारात मोठ्या पदावर. पण 1512 मध्ये नवारा पडलं, 1515 मध्ये वडील गेले आणि पुढच्या वर्षी विजेत्यांनी किल्ल्याचे बुरूज पाडले. दहा वर्षांच्या मुलाने हे सगळं बघितलं. 1525 मध्ये तो पॅरिसला शिकायला गेला, तेव्हा त्याच्या मनात एकच गोष्ट होती : गेलेलं परत मिळवायचं. पदवी घ्यायची, चर्चमध्ये चांगल्या उत्पन्नाचं पद पटकवायचं, घराण्याचं नाव पुन्हा वर आणायचं. आपल्यापैकी ज्यांनी कॅम्पस प्लेसमेंटच्या रात्री जागून काढल्या आहेत, त्यांना हा मुलगा लगेच कळेल.

खोलीत सोबत होता पीटर फेबर, मेंढ्या राखणाऱ्या घरातला साधा मुलगा. 1529 मध्ये तिसरा आला, इग्नेशियस लोयोला. वय चाळिशीकडे झुकलेलं, पूर्वीचा सैनिक, एका पायाने लंगडणारा, मुलांसोबत शिकायला बसलेला. फ्रान्सिसने त्याची चेष्टा केली. इग्नेशियसने वाद घातला नाही. फ्रान्सिस शिकवायला लागल्यावर त्याच्या वर्गाला विद्यार्थी मिळवून दिले, हात आखडला तेव्हा पैशांची मदत केली. आणि परंपरा सांगते, की अधूनमधून तो हाच प्रश्न विचारत राहिला : सगळं कमावशील, मग पुढे? या प्रश्नाला उत्तर मिळायला काही वर्षं लागली. 15 ऑगस्ट 1534 रोजी पॅरिसमधल्या मोंमार्त्र टेकडीवर सात मित्रांनी देवाला आयुष्य वाहिलं. त्यात फ्रान्सिसही होता. याच मंडळींमधून पुढे येशूसंघ उभा राहिला.

इथे मी थोडा थांबलो. ज्या माणसाने पुढे इतक्यांना बदललं, त्याला बदलायला कोणीतरी कित्येक वर्षं त्याच्या शेजारच्या खाटेवर झोपलं होतं. मी माझ्या भावाला सतरा मिनिटं दिली होती. कॉल लॉगमध्ये अजून दिसतात.

मग भारत. खरं तर इकडे दुसराच जण यायचा होता. तो आजारी पडला आणि फ्रान्सिस तयार झाले. 7 एप्रिल 1541, म्हणजे पस्तिसाव्या वाढदिवशी, त्यांचं जहाज लिस्बनहून निघालं. नवे गव्हर्नर मार्तिम अफोन्सो द सौझा त्याच जहाजावर होते. फ्रान्सिस पोपचे प्रतिनिधी, त्यांना नोकर देऊ केला होता. त्यांनी नाकारला, आपले कपडे आपणच धुतले, आजाऱ्यांची शुश्रूषा केली. वाटेत मोझांबिकला कित्येक महिने मुक्काम पडला. 6 मे 1542 रोजी ते गोव्यात उतरले, म्हणजे तेरा महिन्यांचा प्रवास.

त्या काळच्या जहाजांवर सैनिक, खलाशी, व्यापारी दाटीवाटीने महिनोन्महिने राहायचे. करायला काही नाही, घर लांब, मरण जवळ. मग पत्ते आणि फासे निघायचे. पगार हातात पडण्याआधीच हरलेला असायचा. फ्रान्सिस अशा वेळी काय करायचे, हे जुन्या चरित्रांत आलं आहे. पत्ते चालू असताना ते जवळ आले, की लोक घाबरून डाव आवरायला लागायचे. ते त्यांना थांबवायचे. तुम्ही सैनिक आहात, संन्यासी नाही, खेळा, असं सांगून तिथेच बसायचे. ते बसलेले असले की शिव्या कमी व्हायच्या, फसवाफसवी कमी व्हायची, भांडण हातघाईवर जायचं नाही. आणि रात्री त्याच लोकांपैकी कोणीतरी मनातलं बोलायला त्यांच्याकडे यायचा.

एक गोष्ट मला पटायला जड गेली. एका प्रवासात एक पोर्तुगीज सैनिक पत्त्यांत जवळचं सगळं हरला आणि पार खचला. फ्रान्सिस यांनी दुसऱ्या एका प्रवाशाकडून थोडे पैसे उसने घेतले, पत्त्यांचा जोड हातात घेऊन पिसला आणि त्याला पुन्हा खेळायला दिला. तो हरलेलं सगळं परत जिंकला. तेवढ्यावर फ्रान्सिस यांनी त्याला थांबवलं, आणि त्याने पुढे जुगाराला हात लावला नाही.

मी इंजिनिअर आहे. माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं, की हा तर फार वाईट सल्ला झाला. हरलेलं परत जिंकू, याच आशेवर तर माणूस बुडतो. माझा भाऊही शेवटचे पैसे याच आशेवर लावत होता. म्हणून कोणी ही गोष्ट वाचून आणखी एक डाव खेळून बघू म्हणत असेल, तर त्याला हात जोडून सांगतो : खेळू नका. गणित तुमच्या बाजूचं नाही. प्रत्येक डावात चालवणाऱ्याचा वाटा कापला जातो, त्यामुळे जितकं जास्त खेळाल तितकं जास्त जाईल.

चमत्कार बाजूला ठेवून गोष्ट पुन्हा वाचली, तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. एक, पैसे फ्रान्सिस यांनी स्वतःच्या शब्दावर उसने घेतले. म्हणजे त्या माणसाची नामुष्की थोडी स्वतःच्या नावावर घेतली. दोन, जिंकत असताना थांबायला त्यांनी मदत केली. हरल्यावर थांबणं अवघड असतं, जिंकताना थांबणं त्याहून अवघड. एकट्याने ते होत नाही. शेजारी कोणीतरी लागतं, आणि तो असा लागतो की ज्याचं ऐकावंसं वाटेल.

गोव्यात उतरल्यावर त्यांनी बिशपांच्या वाड्यात राहायचं टाळलं आणि राजाच्या इस्पितळात मुक्काम केला. आजाऱ्यांजवळ झोपायचे. तुरुंगात जायचे. रविवारी शहराबाहेर कुष्ठरोग्यांकडे जाऊन मिस्सा करायचे. मग हातात घंटा घेऊन रस्त्यांवरून फिरत मुलांना आणि गुलामांना धर्मशिक्षणासाठी बोलवायचे. तेव्हाचं गोवा म्हणजे पैशाचं शहर होतं. मसाले, घोडे, रेशीम, गुलामांचा बाजार आणि रात्री जुगार. एखाद्या बदनाम सैनिकाच्या घरी ते स्वतःहून जेवायला जायचे, घरातल्यांची विचारपूस करायचे, आणि पहिल्या भेटीत त्याच्या पापाचा विषयही काढायचे नाहीत.

पण याचा अर्थ ते गप्प बसायचे असा नाही. इथे आजचं वचन दुसऱ्यांदा येतं, आणि या वेळी ते थेट राजापर्यंत जातं. पोर्तुगीज अधिकारी लोकांना कसे लुटतात, हे फ्रान्सिस बघत होते. 1545 मध्ये त्यांनी मित्राला लिहिलं, की इथे येणारा प्रत्येक जण लुटणे या एकाच क्रियापदाची सगळी रूपं पाठ करतो, सगळ्या काळांत चालवतो, शिवाय नवीही तयार करतो. 1548 मध्ये लिस्बनमधल्या सोबत्याला त्यांनी कळवलं, की राजाला सांगा, रोज पाव तास या एका वचनावर विचार कर : सगळं जग मिळालं आणि जीव गेला, तर नफा काय?

म्हणजे बघा, खेळणाऱ्या सैनिकाशेजारी ते बसले आणि लुटीवर पोसलेल्या राज्याच्या धन्याला मात्र त्यांनी हिशेब विचारला. आपण बरोबर उलटं करतो. हरलेल्याला शिव्या घालतो आणि त्याच्या हरण्यावर कमावणाऱ्याची जाहिरात क्रिकेट बघताना निवांत बघत आलो.

त्यांच्या सगळ्याच भूमिका मला मान्य आहेत असं नाही. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, आणावं अशी मागणी त्यांनी 1546 मध्ये राजाकडे केली होती. ते त्यांच्या मृत्यूनंतर, 1560 मध्ये आलं आणि त्याने पुष्कळांना दुखावलं. हे लपवून सण साजरा करायची गरज नाही. संतांनाही क्षमेची गरज असते.

पुढची दहा वर्षं ते फिरतच राहिले. दक्षिणेच्या किनाऱ्यावरच्या मोती काढणाऱ्या कोळ्यांमध्ये, मलाक्का, मलुकूची बेटं, 15 ऑगस्ट 1549 रोजी जपान. शेवटी चीनला जायचं ठरलं. किनाऱ्यासमोरच्या शांगचुआन बेटावर ते वाट बघत राहिले. मोठी रक्कम ठरवून एका व्यापाऱ्याने चोरून पलीकडे नेण्याचं कबूल केलं होतं. तो आलाच नाही. ताप भरला. झोपडीत, सोबत अंतोनिओ नावाचा एक चिनी ख्रिस्ती तरुण, आणि 3 डिसेंबर 1552 च्या पहाटे त्यांनी प्राण सोडला. वय 46. तिसऱ्यांदा हे वचन मला इथे दिसलं. जगाच्या हिशेबाने सगळा डाव हरलेला माणूस. किल्ला नाही, पद नाही, चीनही नाही. पण त्यांनी जे लावलं ते स्वतःचं होतं. दुसऱ्याच्या घरचे चुकारे त्यांनी लावले नव्हते, आणि बदल्यात काही मागितलंही नव्हतं.

1554 मध्ये त्यांचं शरीर गोव्यात आणलं गेलं. आज ते जुन्या गोव्याच्या बॉम जीझस बॅसिलिकात आहे. लोक त्यांना गोंयचो सायब म्हणतात. दर दहा वर्षांनी शवप्रदर्शन होतं, नुकतंच 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025 या काळात झालं. बॅसिलिकापासून थोड्याच अंतरावर मांडवी नदी वाहते. त्याच नदीत पणजीला कॅसिनोंच्या बोटी उभ्या आहेत. गोव्याचा जुगारविरोधी कायदा 1976 चा. 1992 मध्ये त्यात दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत जुगाराच्या यंत्रांना वाट दिली गेली, आणि 1996 मध्ये बोटींनाही. गोव्यातल्या चर्चने, विशेषतः तिथल्या सामाजिक न्याय आणि शांती मंडळाने, या कॅसिनोंविरुद्ध आवाज उठवला. तो राजाला पत्र लिहिणाऱ्या फ्रान्सिस यांचाच वारसा आहे, असं मी मानतो.

चर्चची शिकवण इथे समजून घेण्यासारखी आहे. मेथडिस्टांसारख्या काही मंडळ्या परंपरेने जुगार पूर्णपणे वर्ज्य मानतात. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथ सांगतो, की नशिबाचे खेळ किंवा पैज आपोआप अन्याय ठरत नाही. पण स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या गरजेचे पैसे त्यात जाऊ लागले, तर ते नैतिकदृष्ट्या स्वीकारता येत नाही, आणि या खेळाची ओढ माणसाला गुलाम करू शकते. म्हणून घरच्या लुडोला कोणी घाबरायचं कारण नाही. डब्यातलं धान्य, पोरांची फी, बाबांचे चुकारे पटावर आले की तो खेळ राहत नाही.

आता जे लिहायचं टाळत होतो ते लिहितो. काही वर्षांपूर्वी मी ज्या कंपनीत होतो, तिच्या एका ग्राहकाचं पत्त्यांचं ॲप होतं. आमच्या टीमचं काम नोटिफिकेशनचं. खेळणारा चार दिवस आला नाही, तर त्याला कुठल्या वेळी, कुठल्या शब्दांत, किती बोनस दाखवला की तो परत येतो, हे आम्ही मोजायचो. रात्री साडेदहानंतर पाठवलेला मेसेज चांगला चालायचा. आकडा वाढला की टीमला पिझ्झा मिळायचा. मीही खाल्लाय. माझा भाऊ त्या ॲपवर खेळत नव्हता, दुसऱ्या होता. पण तोही चार दिवस थांबला असेल आणि रात्री साडेदहाला कुणीतरी लिहिलेला मेसेज त्याला आला असेल. फोनवर सतरा मिनिटं त्याला बोलताना यातलं काहीही मी त्याला सांगितलं नाही. लुटणे हे क्रियापद मीही चालवलंय, फक्त त्याला आम्ही वेगळं नाव दिलं होतं.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. बरीच ॲप बंद झाली. चांगलं झालं, असे कायदे हवेत. पण भावाच्या मनात जी सवय आणि जी लाज बसली आहे, ती कायद्याने जाणार नाही. मंडईत झंडीमुंडीचा पट मांडलेला असतोच, सट्टापट्टी घेणारा गावात असतोच, कोंबडबाजार कुठे भरतो ते सगळ्यांना माहीत असतं. एक दार बंद झालं की माणूस दुसरं शोधतो, जर घरात त्याच्यासाठी जागा नसेल तर.

आज पहाटे तो अंगणात शेकोटीजवळ एकटा बसला होता. मी जाऊन शेजारी बसलो. उपदेश तयार होता, पण गिळला. थोड्या वेळाने त्याला त्या नोटिफिकेशनच्या कामाबद्दल सगळं सांगितलं, पिझ्झासकट. तो काही बोलला नाही. मग त्याने शेकोटीत आणखी एक लाकूड सरकवलं आणि विचारलं, की अजून किती दिवस आहेस. मी म्हणालो, आहे की आठवडाभर. एवढंच बोलणं झालं. बाबांना सांगून व्यवहार आता माझ्या फोनवर घेतलेत, हप्ता बांधून उसनं फेडायचं ठरवलंय, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी समुपदेशकाकडे त्याच्यासोबत मीच जाणार आहे, तो तयार झाला तर. नाही झाला तर पुन्हा शेकोटीजवळ बसेन.

आज स्वतःला विचारा : आपल्या घरात, हॉस्टेलवर, टीममध्ये असा कोण आहे ज्याला आपण फक्त बोललोय, पण ज्याच्या शेजारी बसलो नाही? आणि आपण स्वतःच खेळत असाल, तर आज एका विश्वासू माणसाला खरा आकडा सांगा. संपूर्ण आकडा. सुरुवात तिथूनच होते.

प्रार्थना : प्रभू येशू, तुझ्या क्रूसाखाली सैनिक तुझ्या कपड्यांसाठी चिठ्ठ्या टाकत होते, आणि तू वधस्तंभावरून क्षमा मागत होतास. खेळात हरलेल्यांना, त्यांच्या हरण्यावर जगणाऱ्यांना आणि त्यांच्यावर फक्त रागावणाऱ्या आम्हालाही त्या क्षमेत घे. संत फ्रान्सिस यांच्यासारखं शेजारी बसायला शिकव, आणि जिथे बोलायला हवं तिथे बोलायचं धैर्य दे. आमेन.